ओल्या बर्फाच्या गावात पाच दिवस: ताकादा आणि म्योको

निघण्यापूर्वी

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तोक्योचे आकाश निळे असते, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. त्याच वेळी शिन्कान्सेन या वेगवान गाडीने दोन तासांवर असलेल्या, निइगाता प्रांतातल्या जोएत्सु भागात, म्हणजे ताकादा आणि म्योकोकडे, घरांच्या खिडक्या बर्फात बुडालेल्या असू शकतात. हे कोडे तोक्योत राहणाऱ्या मराठी माणसाला सोडवून सांगायला वेळ लागत नाही. सायबेरियातून निघालेले गार, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून येताना तिथल्या उबदार त्सुशिमा प्रवाहावरची वाफ उचलतात आणि डोंगराला अडल्यावर ती सगळी अलीकडे टाकतात. सह्याद्री पावसाळ्यात कोकणाला झोडपतो आणि माण-खटावला कोरडे ठेवतो, तोच हा प्रकार. निइगाता म्हणजे कोकण, तोक्यो म्हणजे माण. फक्त इथे पडलेले पाणी वाहून जात नाही, साचत जाते. तेही शून्याच्या आसपास तापमान असलेल्या गावात, म्हणजे जड आणि ओले. कपडे, टायर, छप्पर, स्की, सगळ्यांचे नियम या ओलेपणातून निघतात. ते डोक्यात ठेवूनच सामान भरायचे.

जाडजूड लोकरी कोट इथे कामाचा नाही, तो तासाभरात पाणी पितो. जाकीट आणि विजार जलरोधक हवी. लेबलवर पाण्याचा दाब किती सोसते ते मिलिमीटरमध्ये छापलेले असते. १०,००० हा आकडा किमान धरा, २०,००० असेल तर उत्तम. आत फ्लीस, त्याच्या आत पॉलिएस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल. सुती बनियन घरीच ठेवा. घामाने ओले झाले की ते अंगावर वाळत नाही, आणि लिफ्टवर दहा मिनिटे बसले की हुडहुडी भरते.

स्वतःची स्की असेल तर ती ताक्युबिन कुरियरने दोन दिवस आधी मुक्कामी पाठवावी. जोरदार बर्फाचा अंदाज असेल तर तीन दिवस आधी, कारण रस्ते बंद पडले की माल अडकतो. हातमोजे, गॉगल आणि थर्मलचा एक जोड मात्र पाठीवरच्या पिशवीत ठेवा. सामानाला उशीर झाला तरी स्की आणि बूट भाड्याने मिळतात. हातमोजे बऱ्याच ठिकाणी विकतच घ्यावे लागतात.

कागदपत्रांत झाइर्‍यू कार्ड, जे परदेशी रहिवाशाने कायद्यानेच सतत जवळ बाळगायचे असते, आणि आरोग्य विम्याशी जोडलेले माय नंबर कार्ड. मोडलेल्या हाताच्या उपचाराचा तीस टक्के खर्च आपल्याला पडतो, बाकीचा सरकारी विमा उचलतो. डोंगरात शोध घ्यायला गेलेल्या पथकाचा खर्च आणि आपण ज्याला धडकलो त्याची भरपाई मात्र त्यात येत नाही. त्यासाठी एका दिवसाचा क्रीडा विमा फोनवरून काही शे येनमध्ये काढता येतो. तो जरूर काढा.

पहिला दिवस: तोक्यो ते ताकादा

तोक्योच्या निशी-कासाईत राहणाऱ्यांनी तोझाई लाइनने ओतेमाचीला उतरून तोक्यो स्टेशनपर्यंत चालत जावे. होकुरिकु शिन्कान्सेनच्या फलाटावर एक चूक नेहमी होते: समोर लागलेल्या कागायाकीत लोक चढतात. ती जोएत्सु-म्योकोला थांबत नाही. आपल्याला हाकुताका हवी. तिकीट साडेनऊ हजार येनच्या आसपास. जपान रेल पास पर्यटकांसाठी असतो, रहिवाशांना मिळत नाही. एकिनेट या रेल्वेच्या संकेतस्थळावर आधी आरक्षण केल्यावर मात्र सूट मिळते.

जोएत्सु-म्योकोहून स्थानिक गाडीने दोन स्टेशने उत्तरेला ताकादा. थेट डोंगरावर जाण्याआधी इथे एक रात्र राहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बर्फात गाव कसे चालते ते इथे पायी फिरून दिसते. २६ फेब्रुवारी १९४५ ला इथे ३७७ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली होती, आणि तीही डोंगरावर नव्हे, समुद्रापासून फार दूर नसलेल्या सपाट शहरात.

स्टेशनाबाहेर पडल्यावर गांगी लागते. दुकाना-घरांच्या पुढच्या भिंतीपासून रस्त्याकडे काढलेले छत आणि त्याखालची सलग वाट. कोकणातल्या घराची पडवी डोळ्यांसमोर आणा आणि गल्लीतल्या सगळ्या पडव्या एकमेकींना जोडा. जमीन ज्याच्या त्याच्या मालकीची, छत ज्याचे त्याने राखायचे, चालायची मुभा सगळ्यांना. अशी वाट ताकादात सगळी मिळून सुमारे १६ किलोमीटर आहे. प्रत्येक घराची जोत्याची उंची वेगळी असल्याने मध्येच पायरी येते, आणि बुटाला चिकटलेल्या बर्फाने ती फरशी निसरडी होते. छताखाली आलो म्हणून पाय मोकळे टाकू नयेत.

रस्त्याच्या मधोमध बारीक कारंजी उडताना दिसतील. हे शोसेत्सु पाइप. भूगर्भातले पाणी हिवाळ्यातही तेरा-चौदा अंश असते. ते पंपाने उपसून रस्त्यावर सोडले की बर्फ विरघळतो. ही युक्ती १९६१ साली याच प्रांतातल्या नागाओकात पहिल्यांदा रस्त्यावर आली. पाण्यातल्या लोहामुळे रस्ते तांबूस होतात. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एकच: घोट्यापर्यंत बर्फाळ चिखल. चामड्याचे ट्रेकिंग बूटही यात हरतात. गावातले लोक गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी गमबूट घालतात; सामानाच्या मोठ्या दुकानात ते दोन-तीन हजार येनला मिळतात. पहिल्याच संध्याकाळी घेऊन टाका.

वेळ असेल तर पश्चिमेकडची कानाया टेकडी पाहा. १२ जानेवारी १९११ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले मेजर थिओडोर फोन लेर्ख यांनी ताकादाच्या पलटणीतल्या सैनिकांना स्की शिकवायला सुरुवात केली. त्यांची पद्धत एकाच लांब काठीची होती. जपानमध्ये १२ जानेवारी हा स्कीचा दिवस मानतात तो यामुळेच. इथल्या स्कीच्या बोलीवरही जर्मन भाषेची छाप आहे: उताराला गेलेंडे, काठीला स्टॉक, नांगरासारखे पाय फाकून वळण्याला बोगेन. प्रशिक्षकाचे जपानी नीट कळत नसले तरी हे तीन शब्द कानात बसवून घ्या, पहिल्या तासातच लागतात.

दुसरा दिवस: आकाकुरा, आणि बुटांशी गाठ

सकाळी म्योको हानेउमा लाइनने दक्षिणेला. वाटेत निहोंगी स्टेशनात गाडी थांबते आणि उलटी चालू लागते. चढ तीव्र असल्याने इथे अजूनही स्विचबॅक आहे. खंडाळ्याच्या घाटातले जुने रिव्हर्सिंग स्टेशन ज्यांनी फक्त ऐकले आहे त्यांनी इथे खिडकीत बसावे. म्योको-कोगेन स्टेशनाहून आकाकुरा ओनसेन या गरम झऱ्यांच्या आणि स्कीच्या गावाला बस जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. उतरल्यावर वेळापत्रक शोधण्यापेक्षा गाडी बसच्या वेळेशी जुळवून घ्यावी.

स्की भाड्याने घेताना एक अर्ज भरावा लागतो: उंची, वजन, वय, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, अनुभव. या अर्जात कोणतीही सभ्य लबाडी करू नका. बूट स्कीवर ज्या कड्यात बसतो ते बाइंडिंग पडताना किती जोर आल्यावर सुटावे, हे या आकड्यांवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून ठरते. वजन कमी सांगितले तर साध्या वळणात स्की निसटते. अनुभव वाढवून सांगितला तर पडल्यावर ती सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. नवशिक्याची स्की हनुवटीपर्यंत असावी. तीस सेंटिमीटरच्या पुढचे पाऊल असेल तर आधी फोन करून विचारावे, सगळीकडे बूट नसतात.

आता बूट. पहिल्या दिवशी निम्मी माणसे दुपारीच थांबतात ती थंडीमुळे नव्हे, बूट चुकीचे घातल्यामुळे. पायमोजा एकच, गुडघ्याखालपर्यंत येणारा. दोन घातले की घडी पडते, रक्त अडते आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची विजार बुटाच्या काठाच्या वरच संपली पाहिजे. ती आत खोचली तर नडगीवर दाबून तासाभरात काळेनिळे करते. बाहेरच्या विजारीचा आतला रबरी घेर बुटाच्या बाहेरून ओढून घ्यावा, म्हणजे बर्फ आत शिरत नाही. पाय घातला की टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे बसवा, मग घोट्यावरची बकल, मग वरची, शेवटी बोटांवरची अगदी सैल. परीक्षा अशी: ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकला पाहिजे. दोन्ही वेळा टेकत असेल तर बूट लहान, कधीच टेकत नसेल तर मोठा. बदलून मागायला संकोच करू नका, दुकानदारही त्याची अपेक्षा ठेवूनच असतो.

ओल्या बर्फाचा पहिला त्रास स्की चढवतानाच होतो. बुटाच्या तळाला बर्फ चिकटून त्याचे दगडासारखे ढेकूळ बनते आणि मग टाच खाली बसत नाही. जोर लावून काही होत नाही. तळ बाइंडिंगच्या पुढच्या कडेवर घासा किंवा स्टॉकने खरवडा, मग आधी चवडा अडकवून टाच खाली दाबा. उतारावर असाल तर दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवून खालच्या बाजूची आधी घाला.

सपाटीवर एका स्कीने चालणे, मग टोके जवळ आणि शेपट्या लांब ठेवून बोगेन, मग त्याच स्थितीत थांबणे. हे जमेपर्यंत लिफ्टकडे बघू नये. वळताना ज्या दिशेला जायचे तिच्या विरुद्ध पायावर वजन: डावीकडे जायला उजवा पाय. भीतीने माणूस मागे झुकतो आणि तिथेच फसतो, कारण मग स्कीचे पुढचे टोक हलके पडून वळायचे नाकारते. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. दुपारी ऊन आले की बर्फ खिचडीसारखा घट्ट होतो आणि स्की एकाएकी धरते. तेव्हा वेग कमी ठेवून वळणे मोठी घ्यावीत. दिवसाचा पास महाग पडतो. नवशिक्याला चार तासांचा पास पुरतो.

गेलेंडेवरच्या उपाहारगृहात शाकाहारी माणसाची पंचाईत होते. करी-राइसमध्ये मांसाचा अर्क असतो, सोबा-उदोनच्या रश्शात माशाची दाशी. तळलेले बटाटे, साधा भात, ब्रेड एवढ्यावर भागवावे लागते. म्हणून शेंगदाण्याची चिक्की आणि भातावर घ्यायला मेतकूट बरोबर असावे. चिक्कीचे तुकडे घरूनच करून आणा, थंडीत ती दाताला दाद देत नाही.

संध्याकाळी ओनसेन. ताकादा संस्थानाने १८१६ साली म्योको पर्वतावरच्या झऱ्याचे गरम पाणी खाली आणून हे गाव वसवले. आधी बसून साबणाने पूर्ण अंग धुवायचे, मग कुंडात उतरायचे. छोटा टॉवेल डोक्यावर, पाण्यात नाही. बाहेर येताना त्याच टॉवेलने अंग टिपून मगच कपड्यांच्या खोलीत. स्वामी विवेकानंदांबरोबर १९०२ मध्ये बोधगयेला गेलेले जपानी कलाविचारवंत ओकाकुरा काकुझो यांचे घर याच आकाकुरात होते आणि २ सप्टेंबर १९१३ ला त्यांचे निधन इथेच झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली षट्कोनी वास्तू गावात आहे. भारतीय माणसाने पाच मिनिटे तरी तिथे थांबावे.

तिसरा दिवस: सुगिनोहारा

काल बोगेन नीट जमला नसेल तर आजचा दिवसही आकाकुरातच घालवावा. जमला असेल तर सुगिनोहारा हे स्की केंद्र. इथला सर्वांत लांब उतार साडेआठ किलोमीटर, वरून खालपर्यंत अकराशे मीटरहून अधिक उतरण. उतार बहुतेक ठिकाणी सौम्य आहे, पण लांबी दमवते. निम्म्यावर मांड्या थरथरू लागतात आणि त्यानंतरच माणसे पडतात. दर पाच-सात मिनिटांनी थांबा. थांबताना कडेला, आणि वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. उंचवट्याच्या लगेच खाली कधीही नाही.

खाली पाऊस आणि वर बर्फ, असे इथे सर्रास घडते. शंभर मीटर चढलो की तापमान अर्ध्या अंशाहून थोडे जास्त घटते, म्हणून पायथ्याशी ओले झालेले हातमोजे वर कडक होतात. सुका जोड खिशात हवा. ढगात शिरल्यावर खाचखळगे दिसेनासे होतात. तेव्हा काळी काच निरुपयोगी, पिवळी किंवा गुलाबी लावावी. गॉगल कपाळावर चढवू नये, कपाळाचा घाम आत जाऊन काच धुरकटते. उपाहारगृहात तो काढून खिशात ठेवा, आणि काच आतून बोटाने पुसू नका.

दोरी बांधलेल्या सीमेपलीकडचा अस्पर्श बर्फ मोहात पाडतो. तिथल्या बीच झाडांच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहतो. डोके खाली होऊन त्यात पडलेला माणूस स्वतःहून निघू शकत नाही, आणि हालचाल केली की वरून आणखी बर्फ ढासळतो. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारे यंत्र), फावडे, शोधकाठी, ती वापरण्याचा सराव, डोंगरात जाण्याची लेखी नोंद आणि सोबती, यांतले एक जरी नसेल तर दोरी ओलांडू नये.

चौथा दिवस: वादळ, म्हणजे घरकामाचा दिवस

समुद्रावरून वारा जोरात आला की गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची लिफ्ट, सगळ्यांत आधी बंद होते. सकाळी सहाला स्की केंद्राचे संकेतस्थळ आणि हवामान खात्याचा इशारा पाहा. चूइहो म्हणजे सावध राहा, केईहो म्हणजे बाहेर पडू नका. असा दिवस वाया गेला म्हणू नये. इथे घर घ्यायचा किंवा हिवाळाभर राहायचा विचार असेल, तर हाच दिवस खरी माहिती देतो.

कोकणात आगोटीला घर शाकारतात, लाकूडफाटा भरतात, तशी इथली तयारी नोव्हेंबरात होते. खिडक्यांना आडव्या फळ्या, झाडांना काठ्या आणि दोर, रॉकेलचा साठा. रॉकेलला तोयु म्हणतात आणि ते १८ लिटरच्या लाल प्लास्टिकच्या डब्यात येते. त्यातले रॉकेलच साडेचौदा किलोच्या आसपास भरते. हीटर बंद करूनच टाकी भरायची, तासातून एक-दोनदा खिडकी उघडायची आणि मागच्या वर्षीचे पिवळट पडलेले रॉकेल वापरायचे नाही; त्याने वात खराब होते, घरभर वास सुटतो. पेट्रोल प्लास्टिकच्या डब्यात कधीच देत नाहीत, त्यामुळे पेट्रोल पंपावर नळ नीट वाचून घ्या.

उणे चारच्या खाली पारा जाणार असेल तर रात्री मिझुनुकी करतात. आधी मुख्य झडप फिरवून पाणी तोडायचे, मग घरातले सगळे नळ उघडायचे, म्हणजे हवा आत जाऊन नळीतले पाणी उतरते. संडासाची टाकी विसरली जाते आणि तीच फुटते. नळी गोठलीच तर तिच्यावर उकळते पाणी ओतू नका. टॉवेल गुंडाळून कोमट पाणी हळूहळू सोडा.

छपराचे गणित करून पाहा. दबलेला बर्फ घनमीटरला तीनशे किलो धरला, छप्पर साठ चौरस मीटर आणि थर दोन मीटर, तर डोक्यावर छत्तीस टन. दारे-खिडक्या अडकू लागल्या की छप्पर उतरवण्याची वेळ झाली. ताकादाच्या जुन्या पेठेत खूप बर्फ झाला की रस्ते बंद करून पूर्ण गल्ली एकाच वेळी छपरे मोकळी करते आणि ट्रक बर्फ उचलून नेतात. एकट्याने हे काम करू नये. जपानात दर हिवाळ्यात बर्फामुळे जाणाऱ्या बळींत बहुतेक जण बर्फ काढताना गेलेले असतात, त्यांतही म्हातारी माणसे जास्त. हेल्मेट, कमरेला दोर, शिडीला बांध, खाली एक माणूस, आणि फोन अंगावरच्या खिशात. ऊन पडल्यावर छपराचा बर्फ आपोआप घसरतो, म्हणून वळचणीखाली उभे राहायचे नाही.

अंगण साफ करायला स्नो डंप वापरतात: दोन हातांनी धरायच्या यू आकाराच्या दांड्याचे मोठे सुपडे. ते उचलायचे नसते, ढकलायचे असते. फावड्यासारखे उचलणाऱ्याची कंबर दुसऱ्या दिवशी धरते. बर्फ ओला असेल तर आतून मेण किंवा सिलिकॉन फवारा, नाहीतर तो पत्र्याला चिकटून बसतो. काढलेला बर्फ रस्त्याकडेच्या र्‍युसेत्सुको नावाच्या वाहत्या गटारात टाकतात. प्रत्येक वस्तीला त्याची वेळ ठरवून दिलेली असते. सगळ्यांनी एकदम टाकला तर गटार तुंबते आणि खालच्या आळीतल्या घरांत पाणी शिरते. नव्या रहिवाशाने शेजाऱ्याकडून ही वेळ विचारून घ्यावी. ओळख व्हायलाही याहून चांगले निमित्त नाही. झाकण लगेच लावा, उघड्या गटारात माणूस पडला तर थंडगार पाण्याबरोबर आत ओढला जातो. बर्फ उडवणारे यंत्र वापरत असाल आणि त्याच्या तोंडात बर्फ अडकला तर इंजिन बंद करून बरोबरच्या काठीनेच काढा, हाताने कधीही नाही.

मोटारीबद्दल थोडे. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानात आल्यापासून एक वर्ष चालतो, आणि रहिवाशाने तीन महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहून परत आल्यास ते वर्ष नव्याने सुरू होत नाही. नंतर लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा देऊन जपानी परवाना घ्यावा लागतो. टायर स्टडलेस, म्हणजे बर्फासाठीचे बिनखिळ्यांचे, हवेत, आणि नक्षी निम्मी झिजली की ते बर्फावर बाद. फोर-व्हील ड्राइव्हने गाडी निघते चांगली, थांबत मात्र इतरांसारखीच. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठतो. गिअर पी मध्ये, वायपर उभे. डिझेलची गाडी असेल तर टाकी रिकामी करत या आणि इथे पोचून भरा, कारण उबदार भागातले डिझेल थंडीत घट्ट होते. डिसेंबर २०२० मध्ये याच प्रांताच्या कान-एत्सु महामार्गावर सुमारे २१०० वाहने बर्फात अडकली होती. अशा वेळी धुराड्याभोवती बर्फ साचला की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. इंजिन बंद ठेवा; चालू करावेच लागले तर आधी बाहेर पडून मागची बाजू मोकळी करा. म्हणून फावडे डिकीत नको, सीटजवळ हवे.

पाचवा दिवस: परतीची वाट

वादळ ओसरले तर सकाळचे दोन तास स्कीसाठी उत्तम. नंतर सामान ताक्युबिनला देऊन आराइ स्टेशनाला उतरावे. इथल्या कान्झुरीची, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या चटणीची, एक बाटली घ्यायलाच हवी. जानेवारीच्या कडाक्यात मिठात मुरवलेल्या लाल मिरच्या बर्फावर पसरतात. पांढऱ्यावर ते लाल वाळवण पाहून डोळे सुखावतात. बर्फाने मिरचीचा तिखटपणा आणि कडूपणा उतरतो. मग युझु (लिंबाच्या जातीचे फळ), कोजी (आंबवण्याची बुरशी) आणि मीठ घालून ती वर्षानुवर्षे आंबवतात. आपल्या ठेच्याच्या मानाने सौम्य, पण आंबूस सुगंध वेगळाच, आणि गरम भात-तुपावर छान लागते.

डोंगरापलीकडचे ताकासाकी जवळ आले की खिडकीबाहेर ऊन येते आणि जमीन कोरडी दिसते. सामान घरी पोचले की बॅग तशीच ठेवू नका. स्कीच्या पोलादी कडा ओल्या राहिल्या तर दोन दिवसांत गंज धरतात. कोरड्या फडक्याने पुसून स्की उभ्या ठेवा. बुटांतले अस्तर बाहेर काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, रात्रीत एकदा बदला. हीटरसमोर ठेवू नका, अस्तराचा आकार बिघडतो. अस्तर वाळले की परत आत घालून सगळ्या बकला सैलसर लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी बुटाचे कवच वाकडे झालेले नसेल.